सेवापुस्तक

जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या खोलीत,
दारूखान्याहून आलेल्या भंगारात निघाली
एक पत्र्याची पेटी. आत पितळी चाक, झडपेचं असावं,
आणि तेल पिऊन जाड झालेली वही.
झुंबरलालजी म्हणाले, चाक पितळात टाका, वही रद्दीत.
चाक टाकलं.

मला इंग्रजी बेताचं. पण तारखांचं इंग्रजी येतं,
आणि पाटबंधाऱ्यात लोकांची सेवापुस्तकं लिहिता लिहिता
कुठल्याही वहीत कॉलम कुठून सुरू होतो
ते बोटांना कळतं.

पाणबुडी क्रमांक सत्तेचाळीस.
रुजू : मार्च एकोणीसशे नऊ, मध्यान्हपूर्व.
ओळखीची खूण : मनोऱ्याला डाव्या अंगाला पोचा.
माणसं सोळा.
पांढरे उंदीर तीन;
पेट्रोलचा वास आधी त्यांना कळायचा,
त्यांचाही शिधा मंजूर.

मग बदली. बदली. पुन्हा बदली.
थंड बंदरांची नावं जिभेवर बसेनात,
मी त्यांना अंबड, परतूर, भोकरदन म्हणत गेलो.
काही अडलं नाही.

लढाईत एकच टॉर्पेडो सोडला.
चुकला असं लिहिलेलं नाही,
'परिणाम दिसून आला नाही.'
आमच्या पाझर तलावांच्या अहवालातही हेच वाक्य असायचं.
लिहिणारा आपल्यातलाच, असं वाटून
मी चहा सांगितला.

मागचं एक पान चिकटलेलं होतं. पट्टीने सोडवलं.
ऑक्टोबर तेरा. लढाई अजून लागायची होती.
साधा सराव. हवेची झडप उघडी राहिली.
खोली पंधरा फॅदम.
फॅदम म्हणजे काय, ते रघोजी हमालाला कुठून ठाऊक,
पण सहा फूट म्हटल्यावर त्याने दोन्ही हात पसरले :
'परस की हो हे! पंधरा परस.
तेवढ्या विहिरीला आपल्याकडं ओल बी लागत नाही.
कामून विचारायलाव?'

एकोणीस दिवसांनी वर काढली.
धुतली. रंग दिला. डिसेंबरात पुन्हा रुजू.
आणि त्या एकोणीस दिवसांपुढे, लाल शाईत, सुरेख अक्षरात :
सेवा अखंड धरावी.

बोटीची.
माणसांची नावं समासात, पेन्सिलीने.
उंदरांचा उल्लेख नाही.

मी रोजगार हमीवर हजेरी सहायक होतो, अकरा वर्षं.
खडी फोडणाऱ्या बायांची नावं लिहायची,
पुढे त्यांचे अंगठे घ्यायचे.
रयमाबाई, गिरजा, शेवंता थोरली, शेवंता धाकटी.
माझं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं.
पुढे कायम झालो. सेवापुस्तक उघडलं ते त्या तारखेपासून.
आधीच्या अकरांना पेन्शनच्या हिशेबात
हातसुद्धा लावला नाही कोणी.
मी अर्ज केले. मग करायचे सोडले.

शेवटची नोंद निवृत्तीची नाही. 'विक्री.'
एकोणीसशे वीस, भाव टनावर.
एवढी एक ओळ मला कोणाला न विचारता समजली,
रोज तेच लिहितो.

संध्याकाळी वर्दळ कमी झाल्यावर
काटापावतीच्या पाठीवर रकाने आखले,
उभे एकोणीस, आडवे सोळा.
नावं जमेल तशी मराठीत उतरवली;
एक नाव वाचताच येईना, तिथे 'धाकटा' लिहिलं.
आणि टिचक्या मारत गेलो.
हजर. हजर. हजर.
खाडा एकाचाही नाही.

बाराव्या दिवशी पेन थांबला.
चाकाच्या कडेला काहीतरी कोरलेलं होतं, बाणही होता;
कुठल्या अंगाला फिरवलं की झडप बंद होते,
तेच असणार.
मी नीट पाहिलं नव्हतं.
पितळाची गाडी दुपारीच गेली होती.